जोडीचं झाड

आमच्या सावली गावात नारळाचं झाड कुणी लावत नाही. नारळ दुकानात मिळतो, ट्रकने दक्षिणेतून येतो, देवापुढे फुटतो आणि प्रसादात संपतो. धानाच्या बांध्या, आंबा, मोह, चिंच, नदीकडे गेलं तर शिंदी, एवढ्यात आमचं भागतं. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसच्या घरात गेला की जिथे माणसं करपतात, तिथे समुद्राकाठचं झाड कुणी कशाला आणून मारावं? तरी आमच्या अंगणात, न्हाणीच्या पलीकडे, एक नारळ होता. त्या झाडाला काही होईल या भीतीत मी दहा वर्षं काढली. आणि हे मी, विज्ञानाची पदवी घेतलेली, गावातल्या पोरांना घरी शिकवणी देणारी बाई सांगते आहे.

त्या वर्षी नवरात्रात मी पोटुशी होते, दिवस भरत आले होते. सासूबाईंनी घट बसवला, कलशावर नारळ ठेवला आणि दसऱ्याला तो उठवलाच नाही. सुनेचं बाळंतपण सुखरूप होईपर्यंत राहू दे, असं देवाला बोलल्या होत्या म्हणे. मुलगी झाली. सव्वा महिन्याने तिला घेऊन मी पहिल्यांदा देवघरात पाया पडायला गेले, तर नारळाच्या डोळ्यातून बोटभर कोंब बाहेर आलेला. पांढरा, टोकाशी हिरवट. सासूबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी आधी देवाला हात जोडले, मग नारळाला, मग माझ्या कडेवरच्या पोरीच्या कपाळाला बोट लावलं.

"हा पोरीच्या जोडीचा आहे वो बाई," त्या म्हणाल्या. "याले फोडता येत नाई, टाकता येत नाई. लावाच लागते."

कलशाच्या नारळाला कोंब फुटला तर तो लावायचा, ही रीत मलाही ठाऊक होती. माझं माहेर गडचांदूरचं. तिथे सिमेंट कारखान्याच्या धुळीत तुळस जगवताना आईची दमछाक व्हायची, त्यामुळे आमच्याकडे असल्या गोष्टी बोलण्यापुरत्याच राहिल्या. मी म्हटलं, सोललेला नारळ आहे, मातीत कुजेल. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ आवरली. माझ्या नवऱ्याने खड्डा खणला, वैनगंगेची रेती आणून घातली, मीठ घातलं, शेणखत घातलं. नारळ कुजला नाही. थंडी संपता संपता त्याला पहिलं पान फुटलं आणि शेजारपाजारच्या बायका पोरीला पाहायला आल्या की झाडही पाहून जाऊ लागल्या.

सगळं गोड चाललं होतं. पोरगी वर्षाची होत आली तेव्हा एक दिवस तिच्या हातापायांची बोटं सुजली. गाजरासारखी फुगली, हात लावू देईना, रडून रडून आवाज बसला. तपासणी झाली आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांचंही रक्त तपासायला घेतलं. आमच्या भागात सिकलसेल हा शब्द नवा नाही. भिंतीवर लिहिलेला असतो, शाळेत सांगितलेला असतो, कुणाच्या तरी घरी असतोच. तो आमच्या घरी दोन्ही बाजूंनी आला होता, थोडा बापाच्या रक्तातून, थोडा माझ्या, आणि पोरीच्या वाट्याला पूर्ण. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गोळ्या रोज. थंडीत गार वारा लागू द्यायचा नाही, उन्हात फिरवायचं नाही. आणि पाणी. अंगात पाणी कमी पडलं की रक्तातल्या त्या वाकड्या पेशी अडकून बसतात आणि मग हाडं फुटल्यासारखी दुखतात. तेव्हा पाणी, पाणी आणि पाणी.

घरी आलो तर ऑक्टोबरच्या उन्हाची झळ लागून नारळाची पानं टोकाकडून जळालेली. सासूबाईंनी झाडाकडे पाहिलं आणि मग पोरीकडे पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मी भांडले असते, मला भांडण जमतं. पण त्यांनी नुसतं पाहिलं, आणि ती नजर मी विसरू शकले नाही.

त्या दिवसापासून भीतीने माझ्या घरात बिऱ्हाड केलं. सकाळी उठले की आधी पोरीच्या कपाळाला हात लावायची आणि मग चूल पेटवायच्या आत अंगणात जाऊन झाडाचं मधलं पान पाहायची. ते सरळ उभं असलं की मला श्वास यायचा. शिकवणीच्या पोरांना मी झाड पाणी वर कसं ओढतं ते फळ्यावर काढून शिकवायची आणि तास संपला की त्याच झाडाला मनातल्या मनात म्हणायची, बाबा, एवढा उन्हाळा काढ. मला माझीच लाज वाटायची. पण लाज वाटली म्हणून भीती कमी होत नाही.

झाडाचे लाड मात्र मी आणि सासूबाईंनी राजाच्या पोरासारखे केले. चैत्र लागला की चार बांबू रोवून त्यावर त्यांचं जुनं लुगडं बांधायचं, म्हणजे दुपारचं ऊन थेट पडत नाही. बुडाशी राइस मिलचं धानाचं तूस पसरायचं, म्हणजे माती तापत नाही. उधई, म्हणजे वाळवी, चढू नये म्हणून खोडाला चुना. संध्याकाळी सासूबाई झाडाशेजारच्या धुण्याच्या उंच दगडावर उभ्या राहायच्या आणि तांब्याने झाडाच्या डोक्यावर पाणी घालायच्या, पोराला न्हाऊ घालावं तसं. पोरगी त्यांच्या पायाशी उभी राहून स्वतःच्या डोक्यावर हात धरायची, तिलाही दोन थेंब हवे असायचे. माझा नवरा तहसीलजवळच्या त्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून आला की हे पाहून हसायचा. मोबाईलवर कोकणातल्या बागा दाखवायचा आणि म्हणायचा, त्या झाडाले सांग, तुझे भाऊबंद पाहा कसे वाढले.

झाड वाढलं, पण आमच्या जमिनीच्या मानाने. दहाव्या वर्षीसुद्धा खोडाचं डोकं माझ्या डोक्याएवढंच होतं, स्टुलावर उभं राहिलं की शेंड्याला हात लागायचा. पोरगीही तशीच, बारीक, वयापेक्षा लहान दिसणारी. वर्षातून एखाददोनदा दुखणं उठायचं, दवाखाना व्हायचा, परत यायची. प्रत्येक वेळी परत आलं की मी झाड पाहायची आणि दर वेळी काही ना काही सापडायचं. एक पान गळलेलं, एक पिवळं पडलेलं. शोधणाऱ्याला काय, काहीही सापडतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

सासूबाई गेल्या तेव्हा पोरगी आठ वर्षांची होती. शेवटच्या दिवसांत त्यांना फारसं बोलता येत नव्हतं. एकदा माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, "झाडाकडे पाहत जाजो." पोरगी उशाशी बसली होती. मी मान हलवली. पोरीनेही मान हलवली होती, ते मला नंतर आठवलं.

मग ती दहाची झाली ते वर्ष आलं. पाऊस संपला आणि ऑक्टोबरच्या उन्हात झाडाची खालची पानं पिवळी पडायला लागली. मी घाबरले. पाणी कमी पडतं आहे म्हणून दोन दिवस जास्तीचं दिलं, मग लक्षात आलं की आळं ओलंच आहे. आमची जमीन धानाची, चिकट, पाणी धरून ठेवणारी. वरची रेती केव्हाच दबून गेली होती. मी पाणी बंद केलं. आठवडा झाला तरी आळं ओलं. न्हाणीची नाली फुटली असेल म्हणून नवऱ्याच्या मागे लागून ती सिमेंटने बुजवून घेतली. तरी बोट खुपसलं की चिखल. मी रोज सकाळी त्या चिखलात बोट घालून उभी राहायची आणि पोरगी ओसरीवरून मला पाहायची. मी तिला म्हणायची, काही नाही, झाड बरं आहे. माझं तोंड काय सांगत होतं कोण जाणे.

त्याच दिवसांत तिचं दुखणं वाढलं. दिवाळीच्या आधी एकदा पाय धरले, दिवाळी झाल्यावर पाठ. डॉक्टरांनी विचारलं, पाणी पिते का? मी जरा तोऱ्यातच म्हटलं, पिते म्हणजे काय, मी पाहते ना. आणि खरंच पाहत होते. शाळेत एक मोठी बाटली, घरी दुसरी. शाळेतून आली की मागच्या दारानेच यायची, सायकल न्हाणीला टेकवायची आणि रिकामी बाटली उलटी करून मला दाखवायची. संध्याकाळची बाटलीही तशीच. एक थेंब राहिला तरी मी ओरडायची. बाटल्या रोज रिकाम्या होत होत्या, गोळ्या चुकत नव्हत्या, स्वेटर अंगातून निघत नव्हता. मग हे होतं आहे कशामुळे? या प्रश्नाचं जे उत्तर माझ्या मनात यायचं ते मी कुणाला सांगू शकत नव्हते. ते अंगणात उभं होतं आणि पिवळं पडत होतं.

पौषातली गोष्ट. थंडी कडक पडली होती. सकाळी झाडाचं मधलं पान, जे सुईसारखं सरळ वर येतं आणि मग उलगडतं, ते मला थोडं कललेलं दिसलं. मी स्टूल घेतलं, वर चढले आणि त्याला नुसता हात लावला. ते हातात आलं. सुरीने लोण्यातून काढावं तसं अख्खं पान, बुडाशी तपकिरी, लिबलिबीत, घाण वासाचं. पोरगी आत शाळेची तयारी करत होती. मी ते पान पदराखाली घेतलं, मागच्या उकिरड्यावर नेलं आणि वरून तूस टाकलं.

नवऱ्याला दुकानात जाऊन सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला नाही. त्याचा एक ओळखीचा माणूस गोंडपिपरीला कृषी केंद्र चालवतो, त्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"नारळाले कोंब एकच राहते बाई," तो म्हणाला. "आंब्यासारख्या फांद्या नाई फुटत त्याले. कोंब सडला का झाड गेलं. पाणी डोक्यावर टाकता का तुम्ही?"

मी म्हटलं, सासूबाई टाकायच्या, पण उन्हाळ्यात, आता कुणी टाकत नाही. त्याने सांगितलं, कुजलेलं सगळं चमच्याने खरवडून काढा, मोरचूद आणि चुन्याचा बोर्डो लेप भरा, वरून झाका, पाणी पूर्ण बंद करा. दोन महिन्यांत आतून नवीन सुई आली तर वाचलं. दुपारी मी ते सगळं केलं. झाडाच्या डोक्यात हात घालून कुजकी घाण काढताना मला काय वाटत होतं ते लिहवत नाही. एकच कोंब. माझ्याही घरात एकच होता. निळा लेप भरला, वर मडकं पालथं घातलं आणि पोरीला सांगितलं की झाडाला थंडी वाजते म्हणून टोपी घातली. ती हसली नाही. मडक्याकडे पाहत राहिली.

संध्याकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं.

आधी पाय दुखायचे, पाठ दुखायची, छाती कधीच दुखली नव्हती. छातीचं दुखणं वाईट, हे डॉक्टरांनी आम्हाला बजावून सांगितलेलं होतं. गाडी मिळाली, निघालो. वैनगंगेच्या पुलावर गार वारा काचेतून येत होता, मी तिला माझ्या शालीत गुंडाळून घेतलं होतं आणि ती दर श्वासाला कण्हत होती. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ते उपटून आलेलं पान होतं. मीच ओढलं. हात लावला नसता तर? मी देवाला बोलत नव्हते, झाडाला बोलत होते. गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला, सलाईन सुरू झालं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. डॉक्टर म्हणाल्या, शरीर पार कोरडं पडलं आहे, जीभ पाहा, पाणी पितच नव्हती का ही? मी म्हटलं, बाटल्या रिकाम्या करते हो रोज. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवऱ्याला कपडे आणायला घरी पाठवलं. दारापर्यंत त्याच्यामागे गेले आणि हळूच म्हटलं, जरा झाडही पाहून या. तो थांबला. मला वाटलं आता ऐकवेल, दवाखान्यात पोरगी आहे आणि तुला झाड सुचतं. तो म्हणाला, "पाह्यतोच मी रोज." एवढंच बोलला आणि गेला. दहा वर्षं हसणारा माझा नवरा. घरात भ्यायला मी एकटी नव्हते, हे मला त्या दारात कळलं.

दुपारी पोरीचा श्वास जरा सुधारला. तिने डोळे उघडले, सलाईनच्या बाटलीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं,

"आई, झाडाले पाणी कोण देऊन राह्यलं आता?"

मी म्हटलं, कुणी नाही, त्याला पाणी द्यायचं नाही सध्या. ती उठून बसायला लागली. मी तिला धरलं तर ती माझे हात ढकलत होती, तिच्या हातातली सलाईनची सुई निघेल म्हणून मी ओरडले.

"असं नको करू आई. ते पिवळं पडून राह्यलं. मी माझं सगळं देत होती तरी पडून राह्यलं."

"तुझं काय?"

"बाटलीतलं. शाळेतलं पण, घरचं पण. आजीसारखं वरून टाकत होती, दगडावर उभी राहून. तू रिकामी बाटली पाह्यत होती न, मग तुले समजत नव्हतं."

ती मला समजावत होती, लहान पोराला समजावतात तशी.

"मी नाई पेली तं थोडंसं दुखते. ते मेलं तं मी मरन न आई. तू रोज सकाळी त्याले पाहून कशी भेते, मले दिसते."

मी तिला काय सांगणार होते? हे नुसतं झाड आहे, असं? रोज सकाळी चिखलात बोट घालून उभी राहणारी आई ते सांगेल आणि पोरगी मानेल? ओल्या आळ्याचा, कुजलेल्या कोंबाचा, रिकाम्या बाटल्यांचा सगळा उलगडा त्या खाटेवर झाला आणि मला वाटलं, सासूबाईंची ती एक नजर मी दहा वर्षं जपून या पोरीच्या डोळ्यांत घातली. मी रडले. लपवून नाही, तिच्यासमोर रडले. मग ग्लास भरला आणि म्हटलं, पी. ती म्हणाली, अर्धा झाडाले. मी म्हटलं, सगळा तुला. तिने प्यायला, पण माझ्याकडे अशा डोळ्यांनी पाहत प्यायला की जणू मी तिला काही चोरायला लावते आहे.

घरी आलो. आता दोन भीती होत्या, पोरगी पाणी पिणार नाही ही, आणि झाड मरेल ही. दुसरी पहिलीपेक्षा मोठी होती, कारण झाड मेलं तर पोरीचं काय होईल? ती भीतीनेच अंथरूण धरेल. नवरा म्हणाला, नवीन रोप आणून रातोरात बदलून टाकू. मी म्हटलं, तिला काय आंधळी समजता?

मी पोरीशी एक करार केला. पाणी माझ्यासमोर प्यायचं, मी ग्लास भरेन, ती पिईल. झाडाची काळजी मी घेईन आणि त्याच्याबद्दल काहीही झालं तरी खरं तेच सांगेन. बाटल्या उलट्या करून दाखवणं बंद. ती ग्लास घेऊन ओसरीवर बसायची, झाडाकडे तोंड करून एकेक घोट घ्यायची, आणि मी श्वास रोखून तिचा गळा हलताना पाहायची. दर आठवड्याला मी स्टुलावर चढून मडकं उचलायची. ती खालून विचारायची, आलं? मी सांगायची, नाही. खोटं बोलावंसं किती वाटलं, ते माझं मला ठाऊक.

थंडी सरली. पळस फुलला. झाडाची उरलेली पानं एकेक करून खोडाला लटकली. सुई आली नाही.

होळीच्या दोन दिवस आधी, सकाळी, मी चूल सारवत होते. पोरगी एकटीच अंगणात गेली. मी दारातून पाहिलं आणि हातातलं पोतेरं तसंच राहिलं. तिने एक लटकलेलं पान धरून ओढलं, ते खाली आलं. दुसरं ओढलं, तेही आलं. मग ती धुण्याच्या दगडावर चढली, मडकं उचललं, आत डोकावली. बराच वेळ. तिने मडकं खाली ठेवलं. दगडावरून उतरली, आपले दोन्ही हात उघडून पाहिले, बोटं मिटली, उघडली. मग पाय आपटून पाहिले, आधी एक, मग दुसरा.

"आई, हे मेलं," ती म्हणाली.

"हो."

"कालच मेलं का आधीच?"

"आधीच. थंडीतच मेलं असेल."

तिने बोटांवर हिशेब केला. थंडीपासून ती शाळेत गेली होती, सहलीला गेली होती, पास होणार होती. नवरा बाहेर आला, झाड पाहिलं, आमची तोंडं पाहिली. म्हणाला, मी आजच खणून काढतो, डोळ्यांसमोर नको.

"नको बाबा, राहू द्या," पोरगी म्हणाली. "मले दुखलं का मी त्याच्याकडे पाहीन. ते तं मेलेलंच आहे. आता त्याचं काही होत नाई."

ते खोड अजून उभं आहे. तिचं दुखणं गेलेलं नाही, जाणारही नाही. गेल्या महिन्यातही एकदा पाय धरले. मी तिला उचलायला धावले तेव्हा ती ओसरीच्या खांबाला धरून उभी होती, ओठ चावत, आणि त्या वाळल्या खोडाकडे पाहत होती. मी सवयीने तिकडे पाहिलं. मग ती म्हणाली, आई, तिकडे नको पाहू, पाणी दे. मी ग्लास भरून आणला आणि तिने तो एका दमात रिकामा केला.